चोविसावा गोल

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या त्या सामन्यात मध्यंतराची घंटा झाली तेव्हा व्हर्न पॅस्कोच्या एकट्याच्या नावावर चौदा गोल लागले होते, आणि करीलाच्या सबंध संघाच्या नावावर एक गुण. तोही गोल हुकून चेंडू खांबाला घासून गेला म्हणून मिळालेला; गोलाचे सहा मिळतात.

करीलाची माणसंच मुळी अकरा आली होती. अठरांच्या जागी अकरा. त्यांत पन्नाशी ओलांडलेला बेकरीवाला क्लेम शूबर्ट होता आणि दोरीनं चष्मा बांधलेला शाळामास्तर होता. बाकीचे सगळे नदीवर. त्या हिवाळ्यात मरे नदी अशी काही चढली होती, की करीलाचा बांध आता मातीवर नाही, माणसांच्या खांद्यांवर उभा होता. सामना पुढे ढकला, अशी त्यांनी विनंतीही केली होती. मूराबेलचा कप्तान म्हणून व्हर्ननं ती धुडकावली. नियम म्हणजे नियम.

खरं कारण क्लबच्या भिंतीवर टांगलेलं होतं. एका सामन्यात तेवीस गोल. नदीकाठच्या कुठल्याच गावात कुणाला न मोडता आलेला विक्रम. फोटोतला मिशाळ माणूस अँब्रोज टोनकिन, व्हर्नचा सासरा. आता हयात नव्हता. पण लग्नाच्या जेवणात भरल्या पंगतीत तो म्हणाला होता, "पोरगा बरा आहे हो, पण पाय लाकडाचा." सगळे हसले होते. व्हर्नही हसला होता.

क्लेम मैदान ओलांडून आला. टोपी हातात, गुडघ्यापर्यंत चिखल.

"व्हर्न, बाबा, इथंच थांबवू या. जिंकलात तुम्ही. कागदावर काय लिहायचं ते लिहा. बांधाला हात कमी पडताहेत. तुमची अठरा माणसं आली तर रात्र निघेल आमची."

"अजून निम्मा खेळ बाकी आहे, क्लेम."

"अरे, खेळ कसला हा! म्हाताऱ्यांना पळवतोयस नुसता."

"मग पळू नका. उभे राहा. मला तेवढंच सोपं."

व्हर्नचे गडी खो खो हसले. मैदानाच्या कडेला गाड्या नाक लावून उभ्या होत्या; प्रत्येक गोलाला त्यांचे भोंगे वाजत. व्हर्नची हिरवी होल्डन तिथंच होती. आत त्याची बायको डल्सी काच खाली करून ऐकत होती.

"व्हर्न," ती म्हणाली, "जा ना रे त्यांच्याबरोबर."

"तू मध्ये पडू नकोस."

"बायका-पोरं आहेत तिथं."

"तुला बायका-पोरांचं पडलंय होय? तुला बापाचा आकडा राखायचाय. सरळ सांग की."

"असं वाटतं तुला?" डल्सी म्हणाली. तो मैदानाकडे वळला. घंटा झाली होती.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आणखी पाच झाले. चेंडू आला की व्हर्ननं उडी घ्यायची, छातीशी धरायचा, झेलणाऱ्याला मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यासाठी सावकाश मागे जायचं, आणि उंच खांबांच्या मधोमध हाणायचा. पांढऱ्या कोटातला पंच गोलाची दोन निशाणं हलवायचा. भोंगे. पुन्हा चेंडू. शाळामास्तर एकदा खाली बसला तो उठलाच नाही. दहा उरले.

शेवटी शेवटी क्लेम स्वतः त्याला अडवायला उभा राहिला. धाप लागून त्याच्या तोंडून शिट्टीसारखा आवाज येत होता. तेविसावा गोल झाला तसा तो म्हणाला, "झाली ना बरोबरी? आता तरी सोड."

व्हर्ननं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि चेंडू हवेतच धरला.

चोविसावा. दोन निशाणं. असे भोंगे मूराबेलनं कधी ऐकले नव्हते. व्हर्ननं पहिल्यांदा मान वळवली ती होल्डनकडे. होल्डन नव्हती. ओल्या गवतात नुसते चाकांचे चर होते.

त्याला हसू आलं. बघवलं नाही बाईला. बरं झालं. आता घरी फुगून बसली असेल. रात्री मी जेवायला बसलो की ताट आदळेल. आदळू दे. त्यानं मग आणखी तीन मारले, केवळ गोड लागत होतं म्हणून.

सामना संपला. त्याला खांद्यावर घेऊन मंडळी क्लबात शिरली. कुणीतरी अँब्रोजचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला. हशा झाला. बिअरचा फेस व्हर्नच्या केसांतून ओघळत होता. करीलाचे अकराही जण बाहेर कुंपणापाशी, घोंगड्या पांघरून, आपल्या लॉरीची वाट बघत बसले होते.

दिवेलागणीला लॉरी आली. मागे चिखलानं माखलेली पंधरा-वीस माणसं उभी. व्हर्न ग्लास घेऊन दारात आला. आज कुणाशीही गोड बोलायची त्याची तयारी होती.

क्लेम धावत गेला. "बांध?"

"गेला," लॉरी चालवणारा पोरगेला गडी म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते.

"माणसं?"

"गावातली सगळी वर चढली. वेळ मिळाला आम्हाला."

"तर मग या की आत!" व्हर्न ओरडला. "दोन घोट घ्या. सत्तावीस केले आज, सत्तावीस!"

गड्यानं त्याच्याकडे पाहिलं. तो व्हर्नला ओळखत नव्हता.

"वेळ मिळाला तो एका बाईमुळे," तो म्हणाला. "तिला मात्र पाण्यानं नेलं. तुमच्याच गावची असावी. दुपारी हिरव्या गाडीतून आली आणि आल्या आल्या फावडं मागितलं. बांध हलायला लागला तसं सगळ्यांना मागे बोलावलं, पण ती भेगेतून हटेना. म्हणाली, तुम्ही पोरांना वर न्या, मी पोती धरते. माझा नवरा चांगला माणूस आहे, सगळा संघ घेऊन निघालाच असेल."