कॅमेऱ्यामागचा

धाकटा गेल्यावर त्याच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. घरच्यांचं सगळं शूटिंग त्याने एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं. आज ताईने ती डिस्क कॉम्प्युटरच्या पुढच्या खणात सरकवली आणि टक् आवाज येईपर्यंत हलकेच दाबली.

"भिंतीवर लावायला त्याचा एखादा हसरा फोटो बघ," आई म्हणाली.

वाढदिवस झाले, सहली झाल्या, गाडी शिकताना बाबांची उडालेली तारांबळ झाली. सगळे होते, तोच कुठे नव्हता. कॅमेरा कायम त्याच्याच हातात असायचा.

शेवटच्या क्लिपमध्ये आई पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज आला, "आई, जरा इकडे बघ ना."

"नंतर रे, कामात आहे मी," पडद्यावरची आई मान न वळवताच म्हणाली. क्लिप तिथेच संपली.

मग आईने खुर्ची पुढे ओढली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "पुन्हा लाव."

ताईने लावली.

"आई, जरा इकडे बघ ना."

"बघतेय रे राजा," आई म्हणाली. "बोल."