अठ्ठ्याहत्तर अंश

मुलुंडच्या त्या सोसायटीने रंगीत टीव्ही घेतले, तेव्हा मधुकर साठ्यांनी मासे घेतले. माशांना अठ्ठ्याहत्तर अंशच मानवतात, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगत.

त्यांची बायको वसुधा तापाने झोपली. डॉक्टरच्या गोळ्या घेऊनही ताप एकशेदोन. माशांच्या टाकीतल्या थर्मामीटरचा पाराही एकशेदोनवर. मधुकररावांनी हीटर बंद केला, तरी पारा हलेना. मासे मजेत होते.

मग त्यांनी सरबतवाल्याकडचा बर्फ आणून टाकीत सोडला.

"अहो, डोकं हलकं झालं," आतून वसुधा म्हणाली.

पारा अठ्ठ्याण्णववर आला. मधुकररावांनी डॉक्टरला मनातल्या मनात मूर्ख ठरवलं आणि उरलेला बर्फ काढून टाकला.

पारा उतरतच राहिला.

"पाय गार पडलेत हो. गोधडी द्या ना."

त्यांनी हीटर लावला. पारा नव्वद. पातेलंभर उकळतं पाणी ओतलं. वाफ आली, पारा पंच्याऐंशी.

"वसुधा, बोलत राहा गं."

ती बोलली नाही. पारा अठ्ठ्याहत्तरवर येऊन थांबला. मधुकरराव गोधडी घेऊन आत धावले.

"नको ती," वसुधा म्हणाली. "आता अगदी मानवतंय."

तिच्या पापण्या लवत नव्हत्या.