अ‍ॅलिसची राहिलेली तारीख

"नाव, जन्माचं साल आणि पुढे तारखेपुरती जागा," बेरिल म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यांचं असंच असतं. चल एनिड, दगडवाला बाहेर थांबलाय."

एनिड चर्चच्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. हातात फडकं होतं. "एवढी अ‍ॅलिस पुसून झाली की आलेच."

"पाचशे वर्षं पडून आहे ती. तिला कसली घाई?" नणंद म्हणाली आणि छत्री टेकत बाहेर गेली.

बाहेर रॅल्फ होता. एनिडचा नवरा. त्याच्या थडग्याच्या दगडावर वर त्याचं नाव होतं आणि खालचा अर्धा दगड कोरा. थडग्याला लागून एनिडपुरती गवताची पट्टी राखून ठेवलेली. तिच्या पलीकडे भिंतीपर्यंत नुसतं मोकळं गवत.

आणि बाहेर थांबलेला दगडवाला क्लेमंट पर्डी होता. रॅल्फचं नाव त्यानंच कोरलं होतं. त्यानंतर दगड नीट आहे ना, हे बघायला म्हणून तो येत राहिला. दगडाला काही म्हणता काही झालेलं नसायचं. मग तो एनिडकडे चहा प्यायचा आणि जायचा. गेल्या रविवारी त्यानं कप खाली ठेवला आणि तिला लग्नाचं विचारलं. तेसुद्धा 'मिसेस हॉक्स' अशी हाक मारून.

कोऱ्या अर्ध्या दगडावर एनिडचं नाव कोरायचं, असा बेरिलचा निरोप काल त्याला मिळाला. तो तडक एनिडच्या दारात आला. टोपी हातात, बूट पायपुसण्याच्या अलीकडे. "कोरणं हे माझं काम आहे, मिसेस हॉक्स. कोरीन. पण त्याच्याखाली तुमचं नाव एकदा कोरलं की मी पुन्हा विचारणार नाही."

एनिडला हो म्हणायचं होतं. अडचण रॅल्फची होती. त्या माणसाला एकट्यानं झोपायची सवयच नव्हती. ती माहेरी गेली की तो दिवा चालू ठेवून झोपायचा.

आणि अडचण अ‍ॅलिसची होती.

अ‍ॅलिस ही लोकरीच्या व्यापाऱ्याची बायको. फरशीत बसवलेल्या पितळेच्या पत्र्यावर दोघं शेजारी शेजारी, हात जोडून उभी. खाली त्याचं नाव आणि तो गेला ती तारीख. मग तिचं नाव. त्यापुढे कोरं पितळ. बिचारीनं जिवंतपणी हौसेनं नाव घालून ठेवलं, आणि गेल्यावर तारीख घालायलाही कुणी उरलं नाही. एनिड दर शनिवारी तिला पुसायची, आणि त्या कोऱ्या जागेवरून फडकं जरा जास्तच फिरवायची. राखून ठेवलेली जागा तशीच राहिली की कशी दिसते, ते तिला चांगलंच माहीत होतं.

"ही इथे होय," मागून कुणीतरी म्हणालं.

एक जाडजूड बाई उभी होती. पायात नुसते मोजे, बूट एका हातात, काखेत कागदाची गुंडाळी. पितळेवर कागद पसरायचा, वरून काळं मेण घासायचं आणि ठसा उठवून घरी न्यायचा, असा त्या बाईंना नाद होता. आज मिस प्रोथेरो येणार आहेत, हे पाद्रीसाहेब बोलले होते.

"ओळखता का हिला?" एनिडनं विचारलं.

"ओळखते म्हणजे? परवा अख्खी दुपार हिच्यावर ओणवी होते. कंबर अजून धरलीय." बाईंनी बूट बाकाखाली सारले, बसकण मारली आणि गुंडाळी थोडी उलगडली. "नदीपलीकडच्या चर्चमध्ये."

तेच टोकदार नाक. तीच हट्टी हनुवटी, फक्त खाली आणखी एक आलेली. डोक्यावरचं वस्त्र भारीतलं.

"अंगानं भरलीय," एनिड म्हणाली.

"भरणारच. दुसरं लग्न केलं हिनं. पायाशी बघा, पोरं किती आहेत. आणि तारीखही तिकडेच आहे. अगदी पूर्ण."

म्हणजे इतकी वर्षं एनिड जिची कीव करत होती, ती बाई नदीपलीकडे पोराबाळांत मजेत होती. तिला हसू येत होतं, आणि रागही.

"मग ह्याला इथे टाकूनच गेली म्हणायची," ती हलकेच म्हणाली. तिची बोटं व्यापाऱ्याच्या पितळी बुटांवर होती.

"अहो, सगळा कागद तर उघडू द्या," मिस प्रोथेरो म्हणाल्या.

कागद पुरता उलगडला. अ‍ॅलिस मधोमध उभी होती. तिच्या डावीकडे कुणी दाढीवाला माणूस, हात जोडून. आणि उजवीकडे तोच झगा, तेच बूट, तोच लोकरीचा व्यापारी.

एनिडनं फडक्याची घडी केली, बादलीच्या काठावर ठेवली आणि ती उठली.

बाहेर क्लेमंट छिन्नी हातात धरून रॅल्फच्या दगडापाशी उभा होता. तो दगडाकडे बघत होता, एनिडकडे नाही.

"झाली तुझी अ‍ॅलिस?" बेरिलनं विचारलं.

"झाली. बरं चाललंय तिचं."

"मग त्याला कोरायला सांगू ना?"

एनिड गवतातून चालत गेली आणि आपल्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. उजव्या हाताला रॅल्फ. डाव्या हाताला मोकळं गवत, पार भिंतीपर्यंत. तिनं आधी गवत पाहिलं. मग कोटाचं माप घ्यावं तसं क्लेमंटला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"क्लेमंट," ती म्हणाली. तिनं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. "तुम्हाला डावी बाजू चालेल का?"