टणक कवच

बाल्कनीत चार कुंड्या मांडल्या आणि एक कोंबडी आणली, तेव्हापासून साहेब स्वतःला मोठे शेतकरी समजू लागले. खुराड्यातली घाण काढायची बायकोनं, आणि फोनवर लाइव्ह येऊन जगाला अक्कल शिकवायची साहेबांनी!

आज त्यांनी खुराड्यात हात घालून अंडं काढलं आणि पॅनच्या काठावर आपटलं. फुटेना. पुन्हा आपटलं, तर पॅनलाच पोचा आला.

"बघा मंडळी, घरच्या अंड्याचं कवच! हाताला कसं भरभक्कम लागतंय! बाजारातली अंडी काय, नुसती फुंकर मारली तरी फुटतात. पण हे कळायला नजर लागते, नजर!"

फोन धरून उभी असलेली बायको शांतपणे म्हणाली,

"अहो, ते दगडाचं आहे. ते बघून कोंबडी अंडं घालेल, म्हणून मीच ठेवलंय.



ती अजून फसली नाहीये."