लखीरामचा रविवार

लखीराम पुस्तक उलटं धरून वाचून राह्यलता आन् फोनमंदले तिघं हासून हासून बेजार झालते.

दर रविवारी चार वाजता फोनच्या ग्रुपवर व्हिडिओ लावून ही बैठक भरे. ज्याचा नंबर त्यानं आपलं आवडतं पुस्तक घेऊन बसाचं, त्यातलं वाचून दाखवाचं, आन् बाकीच्यायनं मंग ते पुस्तक पहिले कोनाले भेटते म्हनून भांडाचं. नेरचे चंद्रशेखर मास्तर, नागपूरच्या बँकेतली भैरवी, घाटंजीच्या शीलाबाई, आन् घाटंजीच्या पल्याड तांड्यावरचा लखीराम. लोकाच्या वावरात फवारनी करे आन् पुस्तकं अशी खाये जशी कोनी ताजी भाकर खाते. आज त्याचा नंबर होता. तीन रविवार वाट पाह्यली होती त्यानं.

"लखीराम, पुस्तक सुलटं कर ना बाप्पा!" भैरवी म्हने. "का तांड्यावर असंच वाचतेत?"

"तो असाच हाये," मास्तर म्हने. "मांगच्या वक्ती काय म्हने, आमच्या इकडं पऱ्हाटी इतकी उंच झाली का तिच्याखालून घारी उडून राह्यल्या."

घारीचं जाऊ द्या, पन पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, त्या साली खरंच मानसाच्या डोक्यावर गेलती. फवारनीचं औषध वरतं मारावं लागे, आन् ते मारनाऱ्याच्याच तोंडावर पडे.

लखीराम हासला नाही. अंगठ्याले थुंकी लावली, पान उलटलं आन् वाचत गेला. पैनगंगेवरचा नावाडी. नावेत एकच उतारू. दर वल्ह्याले तो उतारू जड होत जाते, आन् नावाडी मांगं पाहत नाही. एक अक्षर चुकलं नाही लखीरामचं.

शीलाबाई हासता हासता थांबल्या. हेच पुस्तक त्यायच्या मांडीवर होतं. लखीरामचंच. बुधवारी फुलसिंगच्या दुधाच्या जीपमंदी त्यानंच पाठवलं होतं, मले तं पाठच हाये म्हनून, पेपरात बांधून, पहिल्या पानावर त्याचं नाव. त्यायनं चष्मा पुसला आन् फोनमंदी नीट पाह्यलं. लखीरामच्या हातात पोरीचं चौथीचं गणित होतं.

"ढग आले का वो तिकडं?" त्यानं मधातच इचारलं. "इकडं लई अंधारून आलं."

"लख्ख ऊन हाये!" मास्तर म्हने. "कायचे ढग घेऊन बसला बे?"

लखीरामच्या मांगं दार उघडं होतं. ऊन सीधं त्याच्या पाठीवर पडलं होतं.

"लखीराम, ते पुस्तक तं माह्याजवळ हाये," शीलाबाई म्हने.

तो थांबला. हातातल्या कागदावरून बोटं फिरवली. "मंग हे कोनतं हाये, ताई?"

शीलाबाईनं तीस वर्सं सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहले होते. "फोन डोयाजवळ घे," त्यायनं म्हनलं.

"दोन पानं राह्यली ना—"

"घे म्हनलं ना!"

पहिले छपराचे पत्रे दिसले. मंग हनुवटी, तिच्यावरून लाळेचा तार. मंग डोया. अख्खा फोन भरून डोया, आन् मधात बाहुली राईच्या दान्याएवढी.

भैरवीचं हासनं तोंडातच राह्यलं.

"आज फवारलं?"

"सकायपासून. एकरभर राह्यलं होतं."

"घरवाली कुठं हाये तुही, हंसाबाई?"

"वावरात निंदन कराले गेली. सारा तांडाच गेला."

"औषध भिनलं तुह्या आंगात. सदरा काढ. काढून फेक पहिले. पानी घे आंगावर, साबन लाव."

त्यानं चाचपत चाचपत सदरा काढला. पान्याचा माठ काही त्याले सापडला नाही. मास्तरनं दुसऱ्या फोनवरून ॲम्बुलन्सवाल्यायले लावला. ते म्हने, गाडी लांब हाये, तास लागन. शीलाबाईनं सुनेचा फोन हिसकला आन् फुलसिंगले लावला. तो बजारात होता. "निंगलो बाई. अर्धा तास धरा," फुलसिंग म्हने.

अर्धा तास.

"ताई, माह्या नंबराचं काय मंग?" लखीरामनं इचारलं. जीभ जड झालती. "शेवट राह्यला ना. लई जबर शेवट हाये."

शीलाबाईनं मांडीवरचं पुस्तक उघडलं. "सांग," त्या म्हने. "थांबू नको. थांबला तं पाह्य."

लखीरामनं सांगनं सुरू केलं. एक वाक्य झालं. तेच वाक्य पुन्हा म्हनलं. तिसऱ्यांदा म्हनलं, तवा शीलाबाईनं पुस्तकातून पुढचं वाक्य दिलं. ते त्यानं उचललं. मंग अजून एक दिलं. असं करत करत नाव मधातल्या धारेत आली. मास्तर आन् भैरवी फोनमंदी चिपकवलेल्या फोटूवानी बसून होते. लखीरामच्या हातातून फोन पडला. आता नुसते पत्रे दिसत होते, आन् खालून कुठून तरी आवाज येत होता, दर वाक्याले थोडा बारीक.

तिकडं कुत्रं भुकलं. जीपचा आवाज नव्हता.

"नावाड्यानं वल्हं खाली ठेवलं," शीलाबाईनं वाचलं. पुस्तक संपलं.

त्यायनं पान उलटलं. कोरं होतं.

"मंग," त्या मोठ्यानं वाचाले लागल्या, "मंग नावाड्यानं वल्हं पुन्हा उचललं. काठ अजून लांब होता."

पत्र्याखाली बराच वेळ काहीच नाही. मंग आवाज आला. "याडी." तांड्याच्या बोलीत आईले याडी म्हनतेत. "याडी, हे नाही त्याच्यात."

"हाये," शीलाबाई म्हने. "तू आइक."

आन् त्यायनं अजून एक कोरं पान उलटलं.