गुलाबी हेल्मेट

"तुमची लेक सांगत होती, घरी तुम्ही सगळे हेल्मेट घालून जेवता म्हणे!" पालकसभेत वर्गाच्या बाईंना हसू आवरेना. आईने शेजारी उभ्या लेकीला जवळ ओढत हसून वेळ मारून नेली.

"खेळ आहे हो आमचा. आम्ही अंतराळात जेवतो. हिचं गुलाबी, माझं स्कूटरचं." थाप इतकी छान जमली की क्षणभर तिला स्वतःलाच खरी वाटली.

"आजीसुद्धा?"

"त्या तर सगळ्यांत आधी! हेल्मेट चढवल्याशिवाय पाटावर बसतच नाहीत."

आता शेजारच्या वर्गातल्या बाईही डोकावून हसू लागल्या.

"आणि बाबांचं कुठल्या रंगाचं गं?" बाईंनी लाडाने विचारलं.

आईने तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "बाबांना कशाला? ताटं तर तेच फेकतात."