नऊ बाया

"या कंपनीत किती बाया आहेत?" साहेबांनी विचारलं.

"सव्वीस," दैवशाला म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. पोत्यांवर बसून तूरडाळ निवडणाऱ्या बाया बोटानं मोजल्या. "मला तर नऊच दिसतात. तुम्हाला धरून."

उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून असलेली ही डाळमिल. गेल्या शनिवारपर्यंत शेड एकच होती, सव्वीस जणी एका ओळीत बसायच्या. सोमवारी येऊन बघतात तर मधे दोन ठिकाणी पत्रे ठोकलेले. बाहेर तीन पाट्या. एक मालक कल्याणप्पांच्या नावाची, एक त्यांच्या बायकोच्या, एक भावाच्या. आणि आज गुरुवारी प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसातले साहेब आले होते. बायांनी मिळून केलेल्या अर्जावर पहिली सही दैवशालाची होती, म्हणून तिलाच उभं केलं होतं.

"वीस माणसं असली की फंड लागू होतो, बाई. नऊ असली तर नाही."

"माणसं तीच हायती साहेब. पत्रा तेवढा नवा हाय."

दारात मॅनेजर रणधीर चहाचा कप घेऊन उभा होता. "तिन्हीचे कागद वेगळे आहेत साहेब. तुम्ही सकाळपासून बघताय."

"कागद चोख आहेत," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. असे चोख कागद त्यांनी बरेच पाहिले असावेत. मग ते दैवशालाकडं वळले. "तिन्ही मिळून एकच आहे असं धरायची सोय कायद्यात आहे. पण ते सिद्ध करावं लागतं. आतल्या माणसाचा लेखी जबाब लागेल. मग सुनावणी, तारखा. दोन वर्षं जातील, तीन जातील." ते थांबले. आवाज खाली आला. "आणि तोवर तुम्हाला इथंच कामाला यायचंय."

रणधीरनं चहावर फुंकर मारली. त्याला बोलायची गरज नव्हती.

दैवशालानं आठ जणींकडं पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही. राजेश्वरी निवडून झालेली डाळच पुन्हा निवडत होती. दैवशालाला राग आला नाही. ह्यांना दुसरं काम कुठं आहे? तिला स्वतःला तरी कुठं आहे? उभं राहून तिची कंबर भरून आली होती. खाली बसावं, सूप पुढं ओढावं, एवढंच वाटत होतं.

"लिव्हा," ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं. दैवशालानं एकेक अक्षर जुळवत सही केली. रणधीर कप तसाच घेऊन बाहेर गेला, आणि त्याचा फोनवरचा आवाज ऐकू यायला लागला.

"साहेब, माझं बी नाव घाला."

आवाज पत्र्याच्या पलीकडून आला होता.

"कोण त्या?"

"शिवकांता. माझ्या शेजारी बसती," दैवशाला म्हणाली. मग तिनं दुरुस्ती केली, "बसायची. चौदा वर्षं. तिचं गुडघं गेल्यात. औंदा काम सुटंल तिचं. तिच्यासाठीच तर केला व्हता अर्ज."

साहेबांचा पेन कागदावर टेकलेलाच राहिला. "त्या दुसऱ्या कंपनीत येतात. या कागदावर त्यांचं नाव चालणार नाही. त्यांचा अर्ज वेगळा लागेल."

पलीकडचा सूप पाखडायचा आवाज थांबला. मग पत्रा जमिनीशी जिथं वीतभर अपुरा पडला होता, तिथून एक हात अलीकडं आला. कोपरापर्यंत डाळीच्या पिठानं पिवळा. मूठ मिटलेली आणि अंगठा तेवढा सरळ.

साहेबांनी त्या हाताकडं पाहिलं. पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग बॅगेतून एक कोरा कागद आणि शाईचं पॅड काढलं.

दैवशाला कमरेवर हात ठेवून हळूच खाली बसली, आणि तिनं शाईचं पॅड त्या हातापाशी सरकवलं.